पायाखालची माती आणि कागदावरचा आकडा

मालवणसमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि पुढील सुमारे तीन वर्षांत तो जलदुर्ग उभा राहिला. साडेतीन शतकांहून अधिक काळ पावसाळी उधाण अंगावर घेत त्याची तटबंदी टिकून आहे. याच किनाऱ्यावर अलीकडे बांधलेला धक्का खचला, बंधाऱ्याचे दगड वाळूत गेले, जेटीला तडे पडले, अशी तक्रार मात्र गावोगाव ऐकू येते. त्यावरून ‘पूर्वीचे कारागीर जाणते आणि आजचे अभियंते अडाणी’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो निष्कर्ष अपुरा आहे, आणि अन्याय्यही आहे.

सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याचे सांगितले जाते. त्या शिशाची कथा लोकांच्या तोंडी आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. ती ही, की दुर्ग बांधणाऱ्यांनी आधी कातळ शोधला. जागा निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते आणि त्यांनी ते पुरेपूर वापरले. आजच्या मच्छीमार बंदराला हे स्वातंत्र्य नाही. ट्रॉलरला आसरा हवा असतो तो खाडीच्या मुखाशी, कारण तेथेच पावसाळी लाटांपासून आडोसा मिळतो. आणि जेथे आडोसा असतो तेथेच गाळ साचतो. म्हणजे बंदराला सोयीची जागा ही बहुधा पायाला गैरसोयीची जागा असते. अशा ठिकाणी बांधकामाचे भवितव्य सिमेंटच्या गोणीवर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते एका आकड्यावर अवलंबून असते. पायाखालच्या मातीचे बळ किती धरायचे, हा तो आकडा होय.

खडकही जवळ, चिखलही जवळ

विजयदुर्गापासून रेडीपर्यंत सुमारे १२० किलोमीटरांच्या या किनाऱ्यावर भूगर्भाची विविधता विलक्षण आहे. उत्तरेस देवगडच्या बाजूला काळा बेसाल्ट, दक्षिणेस मालवण-वेंगुर्ल्याकडे काळदगी कालखंडातील वालुकाश्म व त्याहूनही प्राचीन खडक, आणि पठारांवर सर्वत्र जांभा. या पठारांना छेदून वाघोटण, गड, कर्ली यांसारख्या नद्या समुद्राला मिळतात. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा नद्यांनी आपली पात्रे खोल कोरली. पुढे समुद्र वर चढला, ती पात्रे बुडाली आणि त्यांत हजारो वर्षे चिखल व वाळू साचत गेली. म्हणूनच डोंगराच्या नाकाशी उघडा दिसणारा कातळ, तेथून शे-दोनशे मीटर अंतरावर खाडीच्या मध्यात कित्येक मीटर गाळाखाली गेलेला असू शकतो. एका बोअरमध्ये खडक चटकन लागला म्हणून शेजारीही लागेल, असे गृहीत धरणे येथे धोक्याचे आहे.

जांभ्याची फसवणूक तर आणखी सूक्ष्म आहे. त्याचा वरचा थर चिऱ्यासारखा कठीण असतो. पण पुष्कळदा त्याच्या खाली मऊ, पांढुरक्या-पिवळसर मातीचा थर असतो. कोकणात विहीर खणणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. मात्र तपासणीचे यंत्र वरच्या कठीण थरावर अडले की ‘खडक लागला’ अशी नोंद करून काम थांबविण्याचा मोह होतो. मग त्या कवचावर टेकवलेल्या पाइलखाली प्रत्यक्षात काय आहे, हे भार पडल्यावरच कळते.

पूर्वी या प्रश्नाची तीव्रता कमी होती. मुंबई-गोवा मार्गावरील आगबोटी किनाऱ्यापासून दूर नांगर टाकीत आणि उतारू होड्यांतून किनारा गाठीत. गलबते व पडाव यांना पुळण पुरेशी होती. रापणीला धक्क्याची गरजच नव्हती. यांत्रिक नौका आल्या आणि त्यांच्यामागोमाग डिझेल, बर्फ व मासळीने भरलेले ट्रक आले. आता ट्रक धक्क्याच्या कडेपर्यंत जायला हवा आणि नौकेला ओहोटीलाही पाणी हवे. म्हणजे भिंतीच्या मागे वजन वाढले आणि पुढे खोली वाढली. दोन्ही गोष्टी भिंतीला समुद्राकडे ढकलणाऱ्याच आहेत.

पाच अंशांचा फरक

धक्क्याची भिंत ही एक विचित्र रचना आहे. तिच्या मागची माती तिला ढकलते आणि पायथ्याशी पुढे असलेली माती तिला रोखून धरते. शत्रूही मातीच आणि मित्रही मातीच. हा जोर किती, याचे गणित कूलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७७३ साली, म्हणजे सिंधुदुर्गाच्या पायाभरणीनंतर १०९ वर्षांनी, पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. किल्ल्यांच्या भिंती बांधताना आलेल्या अनुभवातूनच ते जन्मले होते.

वाळूच्या बाबतीत या गणितातील कळीची राशी म्हणजे घर्षणकोन. कोरडी वाळू सैल ओतली असता तिच्या ढिगाचा उतार ज्या कोनात स्थिर राहतो, त्याच्या जवळपासचा हा कोन. वाळू दाबून घट्ट बसली असेल तर तो वाढतो. तो ३० अंश धरला तर साध्या सिद्धांतानुसार भिंतीवरचा आडवा दाब वरच्या वजनाच्या एक-तृतीयांश येतो आणि पायथ्याचा प्रतिकार तिप्पट. तोच कोन २५ अंश निघाला तर ढकलणारा जोर सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो आणि रोखणारा सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. दोहोंचे गुणोत्तर ९ वरून ६ वर येते. कागदावर पाच अंशांचा फरक क्षुल्लक वाटतो. भिंतीच्या दृष्टीने तिच्या सुरक्षिततेचा एक-तृतीयांश वाटा त्यात निघून गेलेला असतो.

हे पाच अंश कोठून येतात? तपासणीच्या रूढ पद्धतीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरांवरून पुन्हा पुन्हा पाडून एक नळी जमिनीत ठोकली जाते आणि ठराविक ३० सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागले, ते मोजले जाते. त्या ठोक्यांवरून आलेखाच्या साह्याने घर्षणकोन ठरतो. हातोडा पुरता वर उचलला गेला का, भोकातील पाण्याची पातळी राखली होती का, यांवर ठोक्यांची संख्या बदलते. भरती-ओहोटीत डोलणाऱ्या तराफ्यावरून हे काम करताना ती आणखी बदलते. मऊ चिखलात तर नळी स्वतःच्याच वजनाने खाली जाते आणि नोंदवहीत शून्य लिहावे लागते. अशा चिखलासाठी चार पात्यांचे फिरते उपकरण जागेवरच वापरणे अधिक विश्वासार्ह असते. पण त्यासाठी वेगळे उपकरण लागते, वेगळा माणूस लागतो आणि अंदाजपत्रकात वेगळी ओळ लागते.

पाण्याचा हिशेब यापुढचा. ओहोटीला समुद्र खाली जातो, पण भिंतीमागच्या भरावातील पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही. आत आणि बाहेर एक मीटरचा फरक राहिला तरी दर चौरस मीटरला एक टन जादा दाब भिंतीवर येतो. सिंधुदुर्गात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भरावात मुरमाऐवजी चिकण माती टाकली गेली, किंवा निचऱ्याची भोके बुजली, तर कोरड्या दिवसांत सुरक्षित ठरलेली भिंत जुलैच्या एखाद्या रात्री पुढे झुकते. मग दोष समुद्राला दिला जातो. वास्तविक तिला ढकलणारे पाणी मागच्या बाजूचे असते.

आज बळकट, उद्या दुर्बळ

चिखलाचा स्वभाव वाळूपेक्षा निराळा आहे. त्यावर भराव टाकला की ते वजन आरंभी मातीच्या कणांवर न पडता त्यांच्यामधील पाण्यावर पडते. पाणी हळूहळू निघून जाते, तसतशी माती घट्ट होते. म्हणून भराव टाकल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. पुढे बळ वाढत जाते. हे तत्त्व टेरझागी यांनी १९२५ साली आपल्या ग्रंथात मांडले आणि त्यावर आधुनिक मृद्‌शास्त्र उभे राहिले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचा परिसर अशाच जाड खाडी-चिखलावर वसला आहे. तेथे यार्डांसाठी जमिनीत उभे निचरे बसवून, वर भराव रचून, जमीन आधीच खचवून घेण्याचा मार्ग वापरला गेला.

परंतु बंदर खोल करण्यासाठी गाळ उपसला, तर गणित नेमके उलटे होते. वरचे वजन निघाल्याने चिखल पाणी शोषतो, फुगतो आणि काळ जाईल तसा दुबळा होतो. उपसा झाल्या दिवशी भिंत ताठ उभी असते, छायाचित्रे निघतात, बिल मंजूर होते. आणि काही वर्षांनी ती घसरते. भरावासाठी ताबडतोबीचे बळ तपासावे, उपशासाठी दूरकालीन बळ तपासावे, आणि जेथे दोन्ही आहेत तेथे दोन्ही तपासावीत, हा यातला साधा नियम होय. प्रयोगशाळेच्या अहवालात एकच आकडा मागणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र हा नियम गैरसोयीचा वाटतो.

उपशाचा आणखी एक परिणाम आहे. पायथ्याच्या मातीचा प्रतिकार भिंत किती खोल रुतली आहे त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. चार मीटर रुतलेल्या भिंतीपुढची एक मीटर माती मोठ्या नौकांच्या सोयीसाठी काढली, किंवा पंख्यांच्या झोताने ती वाहून गेली, तर प्रतिकार सोळापैकी नऊ हिश्श्यांवर येतो. एक-चतुर्थांश माती गेली आणि जवळपास निम्मे बळ गेले. धक्का बांधणारे खाते एक आणि गाळ उपसणारे कंत्राट दुसरे असेल, तर ही बेरीज-वजाबाकी कोणाच्याच कागदावर उतरत नाही.

देवबागसारख्या ठिकाणी, जेथे एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असा वाळूचा चिंचोळा पट्टा आहे, प्रश्न भिंतीपेक्षाही नाजूक आहे. पुळणीवर थेट दगड टाकले की लाट त्यांच्या फटींतून खालची वाळू ओढून नेते आणि दगड आपोआप खाली बसतात. दगड आणि वाळू यांच्यामध्ये क्रमाने बारीक होत जाणाऱ्या खडीचा किंवा गाळणी-कापडाचा थर हवा. तो थर कसा असावा हे तेथील वाळूच्या कणांच्या आकारावरून ठरते. म्हणजे येथेही आरंभ मातीच्या तपासणीपासूनच.

सरासरीचा मोह

समजा, खाडीतील एका जागी दहा नमुने तपासले आणि चिखलाचे बळ दर चौरस मीटरला दीड टनापासून तीन टनांपर्यंत आले. आराखड्यासाठी कोणता आकडा घ्यावा? सरासरी, म्हणजे सव्वादोन टन, घ्यावी असे शाळेतील गणित सांगते. सर्वांत कमी, म्हणजे दीड टन, घ्यावा असे सावध मन सांगते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. भिंतीसकट सगळा उतार घसरला तर घसरण्याचा पृष्ठभाग अनेक मीटर लांबीच्या मातीतून जातो. तेथे कमजोर आणि बळकट जागा एकमेकींना सांभाळून घेतात, म्हणून सरासरीच्या किंचित खालचा आकडा रास्त ठरतो. एकट्या पाइलचे टोक मात्र हातभर जागेवर टेकते. ती जागा दीड टनाची निघाली तर शेजारच्या तीन टनांचा तिला उपयोग नाही. तेव्हा तीच माती, तेच नमुने, पण प्रश्न बदलला की आकडा बदलतो. युरोपातील संहितेत ‘सावध अंदाज’ अशी जी कल्पना आहे ती हीच. आपल्याकडेही बंदरांसाठी ४६५१ क्रमांकाची भारतीय मानक संहिता आहे; तिचा पहिला भाग जागेच्या तपासणीला आणि दुसरा मातीच्या दाबाला वाहिलेला आहे. उणीव नियमांची नाही. नियमांच्या चौकटीत जो निवाडा करावा लागतो, तो कोणी, कशाच्या आधारे केला, हे बाहेर येत नाही, ही उणीव आहे.

जगातील अनुभव या बाबतीत बोलका आहे. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे ५ मार्च १९१६ रोजी स्टिगबर्ग धक्क्याचा मोठा भाग समुद्रात घसरला. तेथील अभियंत्यांनी घसरलेल्या मातीचा आकार बारकाईने तपासला आणि त्यातून वर्तुळाकार घसरणीची जी पद्धत विकसित झाली, ती आजही जगभर शिकविली जाते. अपघात लपविला गेला असता तर शास्त्राचे नुकसान झाले असते. जपानमधील कोबे येथे १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात बंदराच्या अवजड भिंती काही ठिकाणी पाच मीटरांपर्यंत पुढे सरकल्या. त्या भिंतींखालचा मऊ चिखल काढून तेथे वाळूमय भराव घातला होता. स्थिर भाराला तो उत्तम होता. हादऱ्यात त्याने बळ गमावले. जगातील अग्रेसर कंटेनर बंदरांत गणले जाणारे कोबे ते स्थान पुन्हा मिळवू शकले नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या प्रदेशात पाण्याखालच्या सैल वाळूबाबत हा प्रश्न विचारला जाणे अप्रस्तुत नव्हे.

खर्च कोणाचा, जोखीम कोणाची

येथे प्रश्न अभियांत्रिकीचा राहत नाही, अर्थशास्त्राचा होतो. मातीची तपासणी नीट केली तर तिचा खर्च साधारणतः एकूण बांधकामाच्या शेकडा एक-दोन टक्क्यांच्या घरात जातो. तिच्यामुळे टळणारे नुकसान कितीतरी पट असू शकते. मग या स्वस्त माहितीत काटकसर का होते? कारण माहितीचा खर्च आज दिसतो आणि अज्ञानाचा खर्च उद्या, तोही दुसऱ्याच्या खात्यात दिसतो. कमीत कमी रकमेच्या निविदेला काम देण्याच्या पद्धतीत जो कंत्राटदार अधिक बोअर घेऊ म्हणतो तो स्पर्धेत मागे पडतो. अनेकदा तपासणी आणि बांधकाम एकाच हाती असते. म्हणजे ज्याला पाइल आखूड हव्या असतात, तोच माती किती बळकट आहे ते सांगतो.

याची दुसरी बाजूही आहे. माहिती अपुरी असली की भित्रा अभियंता हात राखून आकडा धरतो. पाइल पाच-पाच मीटर जादा लांब होतात, काँक्रीट जाड होते. अशी जेटी पडत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी ओरड करीत नाही. पण तिच्यात गाडलेल्या जादा पैशात शेजारच्या गावची दुसरी जेटी झाली असती. पहिल्या चुकीची किंमत मच्छीमार मोजतो, दुसऱ्या चुकीची किंमत ज्या गावाला जेटी मिळालीच नाही ते गाव मोजते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे.

माहितीचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ती वापरल्याने संपत नाही. खाडीत एका कामासाठी घेतलेला बोअर पुढच्या पन्नास वर्षांच्या कामांना उपयोगी पडू शकतो. असे असूनही अहवाल त्या त्या कामाच्या फायलीत बंद होतो आणि पुढचे काम पुन्हा शून्यापासून सुरू होते. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेली मालमत्ता कपाटात कुजते, एवढाच याचा अर्थ.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. त्या प्रकरणात चर्चा झाली ती वाऱ्याची, गंजाची आणि जोडकामाची, मातीची नव्हे. पण त्या वेळी लोकांनी विचारलेला प्रश्न येथेही तितकाच लागू आहे: समुद्रकाठच्या परिस्थितीविषयी कोणती गृहीते धरली होती आणि ती कोणी तपासली होती? पुतळा सर्वांना दिसतो, म्हणून प्रश्न विचारला गेला. पाण्याखालच्या पाइलबद्दल तो कोणी विचारत नाही.

करता येण्याजोगे

उपाय अवघड नाहीत. पहिला, मातीची तपासणी बांधकामाच्या निविदेपूर्वी, वेगळ्या संस्थेकडून आणि वेगळ्या पैशातून व्हावी. राज्यातील ४८ लहान बंदरांचा कारभार १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. लाटा आणि गाळ यांच्या अभ्यासासाठी पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ पासूनची केंद्रीय संशोधन संस्था आहे. यंत्रणा उभ्या आहेत. क्रम बदलायला हवा. दुसरा, प्रत्येक आराखड्यासोबत मातीच्या गुणधर्मांचे एक पानी टिपण असावे: चाचण्यांत काय आले, आराखड्यात काय धरले, आणि दोहोंत फरक असेल तर का. तिसरा, सर्व बोअरच्या नोंदी खाडीनिहाय एकत्र करून लोकांसाठी खुल्या कराव्यात.

यावर आक्षेप येईल, की नोंदी खुल्या केल्या तर कंत्राटदार त्यांचा आधार घेऊन जादा रकमेचे दावे करतील. पण दावे आजही होतातच. ‘अनपेक्षित जमीन लागली’ हे त्यांचे नेहमीचे कारण असते. जमीन आधीच सर्वांना माहीत असेल तर तिला अनपेक्षित म्हणण्याची सोय उरत नाही.

चौथा उपाय सर्वांत स्वस्त आहे. बांधकाम झाल्यावर धक्क्यावर चार खुणा कराव्यात आणि दर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्या किती सरकल्या, किती खचल्या, भिंतीपुढची खोली किती झाली, हे मोजावे. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांना याहून चांगला अभ्यास कोणता मिळणार? आराखड्यात धरलेला आकडा खरा होता की खोटा, हे त्या नोंदी दहा वर्षांत सांगतील आणि पुढचा आकडा अधिक शहाणपणाने धरता येईल. रेव कोठे सरकते, कोणत्या वाऱ्यात पुळण खरवडली जाते, नांगर कोठे धरतो आणि कोठे सुटतो, हे रापणकारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बोअर कोठे घ्यावा हे ठरविताना त्यांना विचारले तर तपासणीचा पैसा योग्य जागी पडेल. त्यांचे ज्ञान चाचणीची जागा घेऊ शकत नाही. चाचणी कोठे करावी हे मात्र ते सांगू शकते.

किनाऱ्यावर पुढील काळात जेट्या, बंधारे, पर्यटकांसाठीचे धक्के यांची संख्या वाढणार, यात शंका नाही. त्यांची उद्‌घाटने होतील, रकमांचे आकडे फलकांवर लिहिले जातील. गावकऱ्यांनी, शिक्षकांनी आणि ग्रामसभांनी त्या रकमेच्या जोडीला आणखी एक आकडा मागावा: पायाखालच्या मातीचे बळ किती धरले, आणि कशावरून? या प्रश्नाला लेखी उत्तर देता येत नसेल, तर ते काम सुरू करण्याची वेळ अजून आलेली नाही, असे खुशाल समजावे.